शालनबायचं गाऱ्हाणं

क्षमा करणाऱ्या माणसांचं सगळीकडे कौतुक होतं. मला त्यांच्या शेजारी बसायला अवघडतं. त्यांच्या मनात काय चाललंय याचा पत्ताच लागत नाही. शालनबायच्या शेजारी मात्र मी कंपनीच्या बसमध्ये कित्येक वर्षं निर्धास्त बसले, कारण तिच्या मनात कोणाविषयी काय आहे हे साळपासून डिचोलीपर्यंत सगळ्या बसला ठाऊक असे.

आमचा कारखाना औषधाच्या गोळ्यांचा. डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत. मी डिस्पॅचमध्ये, ती पॅकिंगच्या लाइनवर मुख्य. ती इब्रामपूरची. ठेंगणी, बांध्याने घट्ट, चालताना जमिनीला बजावत चालल्यासारखी चालायची. केसांत रोज अबोली. आत फुलं चालत नसत, म्हणून सकाळी उतरताना ती तो वळेसर, म्हणजे गजरा, काढून बसच्या आरशाला अडकवायची आणि संध्याकाळी पुन्हा माळायची. ड्रायव्हरने एकदा तो चुकून बायकोसाठी घरी नेला. शालनबायने त्याच्याशी पुढच्या चतुर्थीपर्यंत बोलणं टाकलं होतं. चतुर्थीला त्याच्याच घरी आरतीला गेली, त्याच्या बायकोला फुगडीला ओढलं, आणि परत येताना त्याला म्हणाली, "आता फिटलां."

डूख धरणं म्हणजे काय ते मी तिच्याकडे पाहून शिकले. पण तिचा डूख एकटीचा नसे. माझ्या सुरुवातीच्या काळात एक सुपरवायझर होता. जेवणाच्या सुट्टीत नाकाला रुमाल लावून तो म्हणाला, "तुमचे डबे म्हणजे मासळी बाजार. उद्यापासून बाहेर झाडाखाली बसा." बायका गुपचूप डबे झाकायला लागल्या. शालनबायने मान वर केली नाही. दुसऱ्या दिवशी पॅकिंगच्या एकूण एक बाईने सुक्या सुंगटांचं, म्हणजे सुक्या कोळंबीचं, किसमूर आणलं. खोबरं, कांदा, चिंच आणि भाजलेल्या सुक्या सुंगटांचा तो वास कारखान्याच्या ऑफिसापर्यंत पोचला. तिसऱ्या दिवशी तेच. शाकाहारी असलेल्या कमलाकाकीनेही शेजारणीकडून मागून डबा आणला, न खाता नुसता उघडा ठेवायला. अखेर तो सुपरवायझर हात जोडून आला. शालनबायने त्याला मेजाशी बसवलं, ताटलीत किसमूर वाढलं आणि तो खाऊन संपेपर्यंत समोर उभी राहिली. तो पुन्हा मागून घेत होता.

बसमध्ये मी तिला म्हटलं, "शालनबाय, तुमी एकट्यांनी सुनावलं असतं तरी चाललं असतं."

"सूड एकट्यान घेवचो नसता गो सुनंदा," ती म्हणाली. "पंगतीत बसान घेवचो."

हे तिचं ब्रीदच होतं. त्यामागचं कारण तिने मला एकदाच सांगितलं, आणि तेही रागाने. तिचा नवरा खाणीवरच्या ट्रकावर होता. ट्रक उलटला, तो गेला. ती तेव्हा कारखान्यात नवी होती. बाराव्यापर्यंत कारखान्यातलं एकही माणूस दारात आलं नाही. ती कामावर परतली तेव्हा लाइनवरच्या बायकांनी डोळे चुकवले आणि साहेबाने रजेचा अर्ज मागितला.

"त्या दिसांनी मी दाराकडे बघत बसलंय. मेल्ल्या घोवाकडे नाय, दाराकडे. आता बघ, ह्या कारखान्यातल्या एकाच्याय दाराक तसां बघत बसाची पाळी मी हाडूचंय नाय."

आणि तिने ती आणली नाही. कोणाचं मूल आजारी पडलं, कोणाची सासू गेली, कोणाचं घर वाऱ्याने उघडं पडलं की संध्याकाळच्या बसमधून दोघीतिघी त्या गावाच्या तिठ्यावर उतरायच्याच. कोणी उतरायचं ते शालनबाय ठरवी. तिथे नाही म्हणण्याची सोय नव्हती. "माझ्या मुलाची परीक्षा आहे," असं मी एकदा म्हणाले तर ती शांतपणे म्हणाली, "मगे तुझ्या दुःखाक आमकां परीक्षा पडतली." मी उतरले. लोक याला प्रेम म्हणतात. मी जवळून पाहिलंय, म्हणून सांगते, त्याच्या मुळाशी तिचा संताप होता. तिच्या दारात न आलेल्या माणसांवर तिने असा सूड उगवला, की त्यांच्या पुढच्या पिढीला एकमेकांच्या दारात जाण्याची सवयच लागली.

पॅकिंगच्या हॉलमागे खोक्यांची एक पडीक खोली होती. शालनबायने ती मागून घेतली नाही, सरळ झाडायला घेतली. चटया आल्या, पाण्याचं मडकं आलं, कोणीतरी जुनी चादर आणली. दिवसभर उभं राहून पाय सुजतात. पाळीच्या दिवसांत तर जीव नको होतो. अशा वेळी जिला गरज असेल तिने थोडा वेळ आत जाऊन कूस टेकायची आणि तेवढा वेळ शेजारणीने तिचंही काम ओढायचं, असा नियम होता. आम्ही त्या खोलीला माजघर म्हणत असू. तिथे कोणी कोणाच्या चहाड्या करायच्या नाहीत, असाही नियम होता. तो मात्र कोणी पाळला नाही, शालनबायने तर मुळीच नाही.

मग कल्याणसाहेब आला.

त्याचं खरं नाव वेगळं होतं. तो मोठ्या शहरातून आलेला कर्मचारी विभागाचा मॅनेजर. "हमें आपका कल्याण करना है," हे तो पहिल्या सभेत इतक्या वेळा म्हणाला, की त्याचं बारसं तिथेच झालं. गोड बोलायचा. भेटेल त्याला खांद्यावर हात ठेवून "सब ठीक?" विचारायचा आणि उत्तर येईपर्यंत पुढच्याच्या खांद्यावर त्याचा हात असायचा. त्याने हसण्याचा व्यायाम सुरू केला. कामाची पाळी सुरू होण्याआधी आम्ही गोल उभं राहून मोठमोठ्याने हसायचं. शालनबाय गोलात उभी राही, पण तिचा चेहरा प्रेतयात्रेला आल्यासारखा असे.

आमची घुमट वाद्यं, आरत्या, गाऱ्हाणी यांचं त्याला भारी वेड. गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे सगळ्यांच्या वतीने एकाने मागणं मांडायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक मागण्याला "व्हय म्हाराजा" म्हणून दुजोरा द्यायचा. शब्दांचा अर्थ त्याला कळत नसे, पण ही आरोळी त्याने उचलली. सहलीच्या टी-शर्टांवर छापून घेतली. सभा संपली की तोच ओरडे, "व्हय म्हाराजा!" आणि आम्हालाही ओरडायला लावी. देवापुढचा शब्द असा जिथे-तिथे उधळलेला पाहून गेटवरचा रखवालदार गणपतदादा कानांना हात लावायचा.

कल्याणसाहेबाची नजर माजघरावर पडली. त्याने चटया बाहेर टाकल्या, भिंती निळ्या केल्या, काचेचं दार बसवलं, मऊ गाद्या, कुंड्या आणि मंद दिवे आणले. दारावर 'वेलनेस रूम' अशी पाटी. उद्घाटनाला आम्हाला त्या गाद्यांवर बसवून फोटो काढले. फोटो झाल्यावर सगळ्यांना बाहेर काढून कुलूप घातलं. आत जायचं तर मोबाइलवरून वेळ मागून घ्यायची, असं ठरलं. लाइनवर मोबाइल न्यायला बंदी होती. हे त्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "अच्छा फीडबॅक है," आणि खांद्यावर हात ठेवून पुढे गेला.

वैशाली दोडामार्गच्या पलीकडची, लाइनवरची सगळ्यांत लहान. तिला सातवा महिना होता. त्या दिवशी सकाळपासून तिच्या कमरेतून कळा येत होत्या. शालनबाय स्वतः चावी मागायला गेली. कल्याणसाहेब म्हणाला, उद्या पाहुणे येणार आहेत, खोली आजच साफ करून घेतली आहे, "आज का दिन संभाल लो." शालनबायने वैशालीला घरी सोडायला सांगितलं, तर गाडी पाहुण्यांना आणायला गेलेली. वैशाली खोक्यांच्या ढिगाला टेकून उभी राहिली. दुपारी ती खाली कोसळली. मूल गेलं.

हे मी लिहिते आहे, पण दुःखाने नाही.

कल्याणसाहेब फळांची टोपली घेऊन हॉस्पिटलात गेला. सोबत फोटो काढणारा नेला. वैशाली भिंतीकडे तोंड करून पडलेली, हा टोपली धरून कॅमेऱ्याकडे पाहत हसतोय, असा तो फोटो आमच्या सूचनाफलकावर लागला. खाली लिहिलं होतं, 'आम्ही एक कुटुंब.' कमलाकाकी तो फाडायला धावली. शालनबायने तिचा हात धरला.

"असूंदे तो थंयच. माका तेचां तोंड इसराक नको."

त्या दिवसापासून शालनबाय त्याच्याशी अतिशय अदबीने वागू लागली. हसण्याच्या व्यायामात हसू लागली. आम्ही जे तिला ओळखत होतो, ते मनातून हादरलो.

खंडेनवमीला यंत्रांची पूजा असते. त्या वर्षी मालक स्वतः येणार होते. मालक म्हातारे, फोंड्याकडचे, कारखान्यात क्वचित यायचे. कल्याणसाहेबाने मोठा घाट घातला. यंत्रांना झेंडूची तोरणं, केळीचे खांब, कॅमेरे आणि मुख्य आकर्षण म्हणून गाऱ्हाणं. दरवर्षी ते गणपतदादा घाली. ऐन सकाळी गणपतदादाने निरोप दिला, भावकीत सुतक आलं, मी गाऱ्हाणं घालू शकत नाही. सुतक खरं होतं की कसं, हे मी त्याला आजवर विचारलेलं नाही.

कल्याणसाहेब घामाघूम झाला. तेव्हा शालनबाय पदर खोचून पुढे आली. "मी घालतंय."

पुरुषांत कुजबुज झाली. बायकांनी गाऱ्हाणं घातल्याचं कोणी पाहिलं नव्हतं. फिटर उत्तम म्हणाला, "शालनबाय, ह्यां बायलांचां काम न्हय."

"माझ्या बापायन इब्रामपुरात जल्मभर घातलां. मी काय भायरी बसान कान बंद केल्ले?"

वादाचा निकाल कल्याणसाहेबानेच लावला. "लेडीज करेगी? वाह! नारीशक्ती!" त्याने टाळ्या वाजवल्या आणि फोटोवाल्याला तिच्याकडे वळवलं.

शालनबायने नारळ दोन्ही हातांत धरला, डोळे मिटले. तिचा आवाज एवढा खणखणीत आहे हे मलाही ठाऊक नव्हतं.

"बा देवा रवळनाथा, माये सातेरी, बारा वाटांच्या राखणदारा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज खंडेनवमीच्या दिसा तुझी सगळी लेकरां तुझ्या पायांकडे इली असत. मालक असत, चाकर असत. तेंका तू एका नदरेन बघ म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"कोणाचो हात मशिनीत जांव नये, कोणाच्या घरातली चूल विझां नये म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज कल्याणसाहेबाचा. मालकांच्या शेजारी उभा राहून तो कॅमेऱ्याकडे बघत ओरडत होता.

 शालनबायने डोळे उघडले.

"आनी म्हाराजा, हय एक खोली होती. दमलेल्या बायलांनी कूस टेकाची म्हणान आम्ही ती झाडली. ते खोलयेक कोणी एकान कुलूप घातलां. सातव्या म्हयन्याची आमची वैशाली कळांनी वळवळत होती. तेणां तिका चावी दिली नाय म्हाराजा!"

बायकांपैकी चारदोन पुटपुटल्या. कल्याणसाहेब मात्र मूठ उंचावून गरजला, "व्हय म्हाराजा!"

"तिची कूस जेच्यापायी रिकामी झाली, तेका बसाक खुर्ची गावांदे, पण कूस टेकाक जागो गावां नये! मऊ गादयेर पडलो तरी तेच्या डोळ्याक डोळो लागां नये म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आता सगळ्या बायका ओरडल्या. कमलाकाकी रडत होती आणि ओरडत होती. मी ओरडले. एवढ्या मोठ्याने मी आयुष्यात कधी ओरडले नव्हते, आणि मला त्याची लाज वाटत नाही.

"जेका ह्यां मान्य नसात, तेणां आता गप ऱ्हवाचां. जेका मान्य आसा, तेणां देवाक आयकां जायत असां म्हणाचां म्हाराजा!"

मालकांनी जोडलेले हात खाली घेतले.  त्यांच्या शेजारून, छाती भरून, कल्याणसाहेबाची आरोळी आली.

शालनबायने नारळ फोडला.

कल्याणसाहेब टाळ्या वाजवत होता. मालकांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. ते शालनबायजवळ गेले आणि कोकणीत म्हणाले, "ती खोली खंय आसा, म्हाका दाखय." कल्याणसाहेबाला वाटलं, त्यांना खोली आवडली. तो चावी नाचवत पुढे धावला. मालकांनी काचेचं दार, गाद्या, कुंड्या पाहिल्या. एकाही गादीवर बसल्याची सुरकुती नव्हती. त्यांनी चावी मागून घेतली, शालनबायच्या हातात दिली आणि पूजेचा प्रसाद न घेता निघून गेले.

माजघर परत मिळालं. चटया परत आल्या. वैशाली काही महिन्यांनी कामावर आली तेव्हा पहिल्याच दिवशी आत गेली आणि नुसत्या फरशीवर आडवी झाली. त्या दिवशी तिचं काम आम्ही वाटून घेतलं.

कल्याणसाहेबाला मात्र काढलं नाही. अशांना काढत नाहीत, त्यांच्या जागा बदलतात, आणि त्याची तर तीही बदलली नाही. शिवाय त्या दिवशीचा व्हिडिओ त्याने स्वतःच, 'नारीशक्ती' असं नाव देऊन, सगळीकडे पाठवला होता. अर्ध्या पेडणे तालुक्याने तो पाहिला. लोकांनी हसून हसून त्याखाली काय काय लिहिलं. कोणीतरी त्याला ते वाचून, समजावून दिलं असावं, कारण एका सोमवारी तो आला तो उतरलेल्या तोंडाने.

आमचं काम त्या सोमवारी सुरू झालं. सकाळी आम्ही पॅकिंगच्या दारातून आत जायचो तेव्हा तो तिथे उभा असायचा. पहिल्या बाईने मायेने विचारलं, "साहेब, झोप लागली?" दुसरीने विचारलं, तिसरीने विचारलं. सगळ्या लाइनने विचारलं. रोज सकाळी, एकेकीने, अगदी काळजीच्या सुरात. कर्मचाऱ्याने साहेबाची विचारपूस करू नये असा नियम कुठे आहे? तो आधी हसला, मग चिडला, मग दुसऱ्या दारातून यायला लागला. तिथे फिटर लोक होते. त्यांनी विचारलं. पावसाळा येईपर्यंत त्याच्या डोळ्यांखाली काळं झालं, शर्ट अंगावर लोंबायला लागला. वैशालीने तेवढं त्याला कधी विचारलं नाही. ती नुसती त्याच्याकडे पाहून पुढे जायची.

गणपतदादाला दया आली. तो शालनबायला म्हणाला, "पुरो आता. गाऱ्हाणां फाटी घे. मनीस सुकान गेलो."

"गाऱ्हाणां माझां, पण 'व्हय' तेचो," ती म्हणाली. "मी तेच्या तोंडार हात धरूक होतंय?"

तुम्हाला हे क्रूर वाटेल. वाटू दे. सातव्या महिन्यात खोक्यांना टेकून उभं राहणं काय असतं हे ज्याला ठाऊक नाही, त्याच्या दयेवर माझा विश्वास नाही.

शालनबाय निवृत्त झाली त्या दिवशी निरोपाचा कार्यक्रम माजघरातच झाला. कार्यक्रम कसला, उंडे पाव आणि भाजी खाल्ली, सगळ्या रडल्या, ती सगळ्यांवर ओरडली. संध्याकाळी आम्ही बसकडे निघालो. वैशाली आधीच चढून खिडकीशी बसली होती. शालनबायचा पाय पायरीवर होता, एवढ्यात कल्याणसाहेब धावत आला. आसपास कोणी फोटोवाला नव्हता. त्याने हात जोडले.

"बाई, वो वापस ले लो. मैं सच में नहीं सोता. डॉक्टर की गोली भी काम नहीं करती. जो कहोगी, करूँगा."

पहिल्यांदाच तो कोणाच्या तरी उत्तराची वाट पाहत उभा होता. मला आनंद झाला. शालनबायने त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. मला वाटलं, आता ही काहीतरी जहरी बोलणार. पण तिचा आवाज हळू होता, इतका की मला पुढे वाकून ऐकावं लागलं.

"माझ्याकडे कित्याक इलास साहेब? वैशालीकडे जावा. तिणां माफ केल्यान तर मी फाल्याच नारळ घेवन देवाकडे जातंय. गाऱ्हाणां परत घेतंय. माझी आण."

त्याला कळलं नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी त्याला हिंदीत सांगितलं, एकही शब्द न गाळता. त्याच्या आणि वैशालीच्या मध्ये बसचा नुसता पत्रा होता. ती उघड्या खिडकीतून त्याच्याकडेच पाहत होती. त्याची नजर तिच्यावरून गेली, पुढच्या बाईवरून गेली आणि माझ्याकडे परत आली.

"कौन वैशाली?" त्याने विचारलं.

 शालनबाय वर चढली आणि वैशालीच्या शेजारी जाऊन बसली. ड्रायव्हरने दार लावलं. बस साळला पोचली.

माझा थांबा आला. पिशवी सावरत उठले, तर शालनबाय वैशालीच्या खांद्यावर मान टाकून गाढ झोपलेली, तोंड अर्धं उघडं, हात मांडीवर सैल पडलेले. निरोप घ्यावा म्हणून मी वाकले. वैशाली जागी होती. तिने ओठांवर बोट ठेवलं आणि हळू उतर म्हणून मला खूण केली.